गाडीचं तेल, खिशाचं माप

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय विचारला. मी म्हटलं, "गाडीचं ऑइल बदलणं." ते हसले. म्हणाले, "नाना, तुम्ही बँकेतले. बचतीवर बोला." मी म्हटलं, "अहो, बचतीवरच बोलणार आहे. खोट्या बचतीवर."

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आवारात दोन-तीन स्कूटर आणि सायकली होत्या. चारचाकी एकच, तीही पाहुण्यांची. आज पार्किंगवरून भांडणं होतात. पण या गाड्या चालवतं कोण? मुलं पुण्याला, नाशिकला, कुणाची परदेशात. गाडी इथे आणि आपण म्हातारे इथे. महिन्यातून चार वेळा बाजारात, एखादं लग्न, नाहीतर धुळ्याला दवाखान्यात. बस्स.

आपण खानदेशी माणसं तेलाच्या बाबतीत फार चोखंदळ. भरताच्या फोडणीला कुठल्या घाण्याचं तेल वापरलं हे वासावरून सांगू. शेजारच्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण आपल्याच गाडीच्या इंजिनात कुठलं तेल आहे, किती आहे, कधी घातलं, हे विचारलं तर आपण एकमेकांकडे बघतो. मीही त्यातलाच होतो.

झालं असं. गाडीची वॉरंटी संपली आणि मी ती एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. नाव सांगत नाही. फक्त ऑइल आणि फिल्टर बदला म्हटलं. संध्याकाळी बिल हातात आलं ७,१६० रुपयांचं. बँकेची सवय, ओळ न् ओळ वाचली. ऑइल १,३५०, फिल्टर १२०, वॉशर २०, मजुरी १,१८०. हे झाले २,६७०. उरलेले ४,४९० कशाचे? इंजिन फ्लश, इंजेक्टर सफाई, एसीची सफाई आणि गाडीखालचं कोटिंग. मी विचारलं, हे कुणी सांगितलं होतं? त्यांनी जॉब कार्ड पुढे केलं. खाली सही माझीच! आयुष्यभर कर्जदारांना "वाचून सही करा" म्हणून सांगणारा मी, सकाळी घाईत न वाचता सही करून आलो होतो.

मला राग आला आणि रागात चुकीचा निर्णय घेतला. ठरवलं, आता सर्व्हिसिंगच नको. गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, दहा हजार व्हायला अडीच वर्षं आहेत. हिशेब अगदी बरोबर वाटला. पुस्तिकेत दहा हजार किलोमीटरच्या पुढे "किंवा बारा महिने, जे आधी होईल ते" असं छापलेलं होतं. तेवढंच मी वाचलं नाही.

आता समजलं ते सांगतो. गाडी कमी चालली म्हणजे तेल चांगलं राहतं, हा गैरसमज आहे. घरापासून बाजारपेठेपर्यंत गेलो आणि परत आलो, तर इंजिन नीट तापतच नाही. आत धरलेला ओलावा आणि न जळालेलं पेट्रोल तेलात उतरतं, ते उडून जायला वेळ मिळत नाही. तेल पातळ होतं, आंबतं म्हणा, आणि पुढे त्याचा चिखल होतो. म्हणजे आपल्यासारख्या पेन्शनरांची गाडी कमी चालते, म्हणूनच तिच्याकडे तारखेने बघायला हवं.

दोन वर्षं आणि वर काही महिने गेले. एका रात्री साडेअकराला हिच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटलेला. मी गाडी काढली आणि धुळ्याचा रस्ता धरला. मुकटी मागे टाकलं आणि समोर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला. इंजिनातून खडखड आवाज. मनात दोन आवाज. एक म्हणतो, धुळं जवळ आहे, रेट. दुसरा म्हणतो, थांब. मी थांबलो. तो दिवा म्हणजे तेलाचा दाब गेलेला असतो. तसंच रेटलं असतं तर इंजिन जाम होऊन भर हायवेवर गाडी बंद पडली असती.

पण थांबलो म्हणजे काय, हायवेवर अंधारात उभे राहिलो. ट्रकमागून ट्रक जात होते. ही डोळे मिटून बसलेली. तो पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. शेवटी भाजीपाला नेणारा एक टेम्पोवाला थांबला. त्याने हिला पुढे बसवलं, मला मागे मेथीच्या गाठोड्यांवर, आणि थेट दवाखान्याच्या दारात सोडलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. देवाच्या दयेने हार्ट अटॅक नव्हता. पण असता तर? पहाटे बरं वाटल्यावर ही एवढंच म्हणाली, "अहो, तेलाचे पैसे वाचवले म्हणत होतात ना?" मी काही बोललो नाही.

गाडी ओढून गावातल्या मिस्त्रीकडे आणली. त्याने खालचा चेंबर उघडला, बोटावर काळा गोळा घेतला आणि म्हणाला, "नाना, हाई तेल नही शे, डांबर शे डांबर!" तेल ओढून घेणारी जाळीच चिखलाने बुजली होती. सफाई, नवं तेल, फिल्टर, मजुरी, गाडी ओढून आणणं मिळून साडेनऊ हजार गेले. तरी वेळेत थांबलो म्हणून इंजिन वाचलं.

आता स्वस्तात आणि नीट काम कसं करायचं ते सांगतो. लिहून घ्या.

पहिलं, गाडीची पुस्तिका उघडा. तेलाचा ग्रेड आणि माप त्यात असतं. "५ डब्ल्यू ३०" मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतलं वागणं सांगणारा आकडा. जाड तेल म्हणजे भारी तेल, असं नाही. पुस्तिका सांगेल तेच घाला.

दुसरं, तेल पेट्रोल पंपावरून किंवा ओळखीच्या दुकानातून, पक्कं बिल घेऊन घ्या. सील आणि तारीख बघा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर त्यात कुणी भलतंच भरून विकेल. फिल्टर मात्र दरवेळी नवा आणि कंपनीचाच. शंभर-सव्वाशे रुपयांसाठी कंजुषी नको.

तिसरं, काम होताना जवळ उभे राहा. इंजिन थोडं तापलेलं, गाडी सपाट जागी. जुनं तेल थेंब थेंब होईपर्यंत निथळू द्या. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावलं का, तेल काढायच्या बोल्टचा वॉशर बदलला का, बघा. शेवटी कांडी पुसून दोन खुणांच्या मध्ये तेल आहे ना, हे स्वतः पाहा. किलोमीटर आणि तारीख वहीत लिहा.

चौथं, सर्व्हिस सेंटरला गेलात तर जॉब कार्डावर नको ती कामं खोडा, मगच सही करा. वॉरंटीत असलेली गाडी अधिकृत ठिकाणीच न्या, वाद नको. पण बाहेर हात लावला की वॉरंटी गेलीच, अशी भीती घालणाऱ्याला सांगा, की भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता आणि स्वतंत्र मिस्त्रीकडे गेलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं बजावलं होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं, ती वेगळी गोष्ट.

गेल्या दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आपण मिळून केलेला प्रयोग आठवतो ना? नाहीतरी दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, पूजा करतो. मी म्हटलं, हाराबरोबर तेलही घालू. मिस्त्री आवारात आला, पाच गाड्या झाल्या. माझा खर्च तेल १,४००, फिल्टर १२०, वॉशर २०, मजुरी २५०, एकूण १,७९० रुपये. वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकट्या राहतात. गॅरेजमध्ये गेलं की काहीही सांगतात म्हणून त्या गाडी नेतच नव्हत्या. त्यांचंही काम सगळ्यांसमोर झालं.

वाद झाला तो जुन्या तेलावरून. कुणी म्हणालं गटारीत ओता, कुणी म्हणालं उधईला घाला. मी कबूल करतो, स्कूटरचं तेल मीही वर्षानुवर्षं कंपाउंडच्या कडेला ओतलं आहे. पण आपली बोअर त्याच जमिनीत आहे. उन्हाळ्यात पाण्याची किंमत पारोळेकराला सांगायला नको. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलं जातं, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. शेवटी सगळं तेल डब्यांत भरलं आणि ते तिकडे पोचवायचं या अटीवरच मिस्त्रीला दिलं. ही अट दरवर्षी कायम राहावी, ही माझी विनंती.

मित्रांनो, सहकार म्हणजे फक्त मेंटेनन्स आणि वार्षिक सभा नव्हे. आपल्या वयात गाडी ही चैन नाही, रात्री साडेअकराची अँब्युलन्स आहे. ती कुणाच्या दारातून निघेल सांगता येत नाही. म्हणून नोटीस बोर्डाशेजारी मी एक वही टांगली आहे. प्रत्येकाने गाडीचा नंबर आणि तेल बदलल्याची तारीख लिहावी. ज्याचे बारा महिने भरतील, त्याचं दार मी स्वतः वाजवीन. रागावू नका.

आणि त्या टेम्पोवाल्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो जिथे असेल तिथे सुखी असो.