मानेतल्या नसा आणि हाताची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



मी डॉक्टर नाही, समाजकार्याची पदवी घेतलेली कार्यकर्ती आहे. तरी मान आणि हात या विषयावर बोलायला उभी राहिले, ती एका केसपेपरमुळे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या केंद्रात एक बाई आली. नवऱ्याने तिला मनगटाला धरून जिन्यावरून वर ओढत नेलं होतं. हात डोक्याच्या वर ताणलेला आणि सगळं अंग त्या हाताला लोंबकळणारं. केसपेपरवर लिहिलं होतं, ‘डाव्या हातास मार. एक्स-रे नॉर्मल. तीन दिवस गोळ्या.’ ती मला म्हणाली, “ताई, हातात जीवच राहिला नाही. बादली धरली की सुटते.” सासू म्हणत होती, नाटकं आहेत. दवाखान्यात म्हणाले, हाड मोडलेलं नाही. आणि मी? मी आमच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘मानसिक धक्का, समुपदेशन आवश्यक.’ अक्षर माझंच आहे, म्हणून सांगते.

सहा आठवड्यांनी आमच्या ओळखीची एक फिजिओथेरपिस्ट केंद्रात आली होती. तिने त्या बाईच्या हाताआधी चेहऱ्याकडे पाहिलं. डावी पापणी किंचित उतरलेली होती आणि त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान होती. आम्हाला पापणी रोज दिसत होती. आम्ही ती रडण्याच्या आणि जागरणाच्या खाती टाकली होती. हाताच्या दुखापतीत डोळ्याचा काय संबंध, हे समजायला मानेपासून सुरुवात करावी लागते.

आपण नस म्हणतो तेव्हा कधी रक्ताची शीर म्हणतो, कधी संवेदनेचा तंतू. आज फक्त तंतूबद्दल बोलू. मानेत मणके सात, पण मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांच्या मुळांच्या जोड्या आठ. पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, आठवी सातव्याच्या खालून. हाताकडे मुख्यतः पाच मुळं जातात. मानेतली पाचवी, सहावी, सातवी, आठवी आणि छातीच्या भागातली पहिली. कागदावर सी-५, सी-६, सी-७, सी-८, टी-१ असं लिहिलेलं दिसेल, ती हीच. खांद्याकडे जाताना ती एकमेकींत वेणीसारखी गुंफली जातात, त्यामुळे एका स्नायूला बहुधा दोन मुळांचा आधार असतो. मी सांगते तो नकाशा ढोबळ आहे, पण कामाचा आहे.

पाचवं मूळ खांद्यावरच्या गोल स्नायूचं. हंडा डोक्यावर चढवताना हात बाजूने वर जातो तो याच्या जोरावर. ते दुखावलं तर केस विंचरायलाही हात वर जात नाही आणि दंडाची बाहेरची बाजू बधिर होते. सहावं कोपर वाकवतं, मनगट वर उचलतं. भरलेलं ताट तळव्यावर तोलताना मनगट खाली पडू लागलं तर त्याच्यावर लक्ष ठेवा. मुंग्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात येतात. सातवं कोपर सरळ करतं. जमिनीवर तळवे टेकून उठताना दंडाच्या मागच्या बाजूचा जो जोर लागतो तो त्याचा, बधिरपणा मधल्या बोटात. वयाने मणक्यांची झीज होऊन किंवा चकती सरकून जे मूळ सर्वांत जास्त वेळा दाबलं जातं ते हेच, त्याखालोखाल सहावं. आठवं म्हणजे मूठ. बादलीची कडी, ओल्या चादरीचा पिळा. करंगळी आणि अनामिका बधिर होतात. आणि टी-१ बोटं फाकवणारं, जुळवणारं. सुईत दोरा ओवणं, तांदूळ निवडणं ही त्याची कामं. डोळ्याच्या बाहुलीकडे आणि पापणीकडे जाणारे काही तंतू याच मुळाबरोबर मज्जारज्जूतून बाहेर पडतात.

आता त्या जिन्याकडे परत या. हात वरच्या दिशेने ओढला गेला की ताण खालच्या मुळांवर येतो, म्हणजे आठव्यावर आणि टी-१वर. उलट खांदा खाली दाबून मान दुसरीकडे वाकवली गेली तर ताण वरच्या मुळांवर, मग खांदा आणि कोपर जातात. तिची मूठ गेली, बोटं फाकेनात, पापणी उतरली. ती सांगत होती तेच तिचं अंग सांगत होतं. बादली सुटण्याचं सोंग करता येईल एक वेळ, पण एकाच डोळ्याची बाहुली मनाने लहान करून दाखवणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. आणि टी-१ची दुखापत असताना असा डोळा दिसणं म्हणजे मूळ मज्जारज्जूपाशीच उपटलं गेल्याची शंका घ्यायची खूण. मोठ्या रुग्णालयात एमआरआय झाला आणि ती शंका खरी ठरली.

म्हणून पहिली गोष्ट. एक्स-रे हाड दाखवतो, नस दाखवत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘काही झालं नाही’ असा होत नाही. नसांची विजेवरची तपासणी असते, तीही पहिल्या काही दिवसांत फसवते. स्नायूतले बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात. पण फार थांबूनही चालत नाही. नस फाटली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार साधारण पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हावा लागतो, कारण नस वाढते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, आणि वर्ष-दीड वर्ष तिच्याविना राहिलेला स्नायू बहुधा परत जागा होत नाही. आमच्या बाईचे सहा आठवडे माझ्या रजिस्टरात गेले.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ११६ प्रमाणे अवयवाची शक्ती कायमची कमी होणं ही जबर दुखापत आहे. पंधरा दिवस तीव्र वेदना होणं किंवा नेहमीची कामं करता न येणं हीसुद्धा. जुन्या दंड संहितेत हे दिवस वीस होते. आता बघा, ‘डाव्या हातास मार’ या तीन शब्दांतून हे काही सिद्ध होतं का? डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे सांगा, कोणतं बोट बधिर आहे, कोणती हालचाल होत नाही, हे तारखेनिशी लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, पुन्हा लिहून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यातलं कलम ७ सांगतं की पीडित बाईने मागितल्यावर दवाखान्याने उपचार द्यायचेच आहेत. आधी अहवाल आणा, मग बघू, असं म्हणता येत नाही.

मात्र प्रत्येक मुंगीचं खापर मानेवर फोडू नका, नवऱ्यावरही नको. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, तर नस बहुधा मनगटात दाबली जाते. गरोदरपणात हे पुष्कळदा होतं. करंगळी बधिर आणि अंगावर न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा, औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. डाव्या हातात कळ, छातीत दडपण आणि घाम असेल तर हृदय. अचानक तोंड वाकडं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली तर पक्षाघात. या दोन्हींत तासही घालवायचा नाही.

मानेचीच, पण वेगळी आणि जास्त घातक गोष्ट म्हणजे मज्जारज्जूवरचा दाब. दोन्ही हात अनाडी होतात, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, चालताना पाय ताठ पडतात, तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो. अशा बाईला मालीश नको, मानेला झटका देऊन ‘बसवणारा’ तर मुळीच नको. बारीक ताप, वजन उतरणं आणि रात्रीची मानदुखी असेल तर मणक्याचा क्षय डोक्यात ठेवा.

झिजेने किंवा चकतीने दाबलेली नस मात्र बहुतेकींची काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना सुधारते. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला कलती केल्यावर कळ हातात उतरते आणि हात डोक्यावर ठेवल्यावर हलकं वाटतं, ही तिची ओळख. डॉक्टर सांगतात, वजन उचलू नका. पंधरा लिटरचा हंडा पंधरा किलोचा, वर भांड्याचं वजन, असे दिवसाला चार. तो कोण आणणार, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. तो प्रश्न दवाखान्यात नाही, ग्रामसभेत आणि स्वयंपाकघरात विचारावा लागेल.

तुम्ही विचाराल, त्या बाईचं काय झालं. मूठ थोडी आली आहे. बोटं फाकत नाहीत. तिच्या तक्रारीला दुसऱ्या रुग्णालयाचा सविस्तर कागद जोडला, कलम वाढलं, खटला चालू आहे. माझ्या रजिस्टरमधली ती ओळ मी खोडली नाही, खाली तारीख घालून नवी लिहिली.

आता जोड्या करा. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने कापसाने दंडाची बाहेरची बाजू, अंगठा, मधलं बोट, करंगळी, कोपराची आतली बाजू अशी क्रमाने स्पर्शून बघायची. मग दोन बोटांत कागदाची पट्टी धरायला सांगा आणि ओढा. दोन्ही हातांचं करा, फरक लिहून ठेवा. पट्ट्या त्या टेबलावर कापून ठेवल्या आहेत.