‘मोलकरीण’ म्हणायला लाज का वाटते?

हेडफोन लावले असतील तर बरंय, कारण आज जरा घरातलं बोलणार आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव म्हसवड. बी.टेक.च्या ॲडमिशनचा फॉर्म भरताना ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘गृहिणी’. आई तेव्हा गावात तीन घरी धुणं-भांडी करायची. मला खरा शब्द माहीत होता. लिहायला हात धजला नाही.

मध्यंतरी कामावर एका ॲपचं मराठी तपासत होतो. ‘मेड’ला काय म्हणायचं, यावर अर्धा तास चर्चा झाली. कामवाली? नको. मोलकरीण? छे, अपमान वाटतो. शेवटी ‘मदतनीस’ ठेवलं. मी गप्प बसलो आणि घरी येऊन हे सगळे शब्द उकरायला घेतले.

जुन्या मराठीत ‘बटीक’ आहे, ‘कुणबीण’ आहे. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको, हा साधा अर्थ. पण पेशवाईच्या कागदांत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे, गुलाम बाई. या बायकांची खरेदी-विक्री व्हायची. पोटाला अन्न, अंगाला लुगडं आणि काम मरेपर्यंत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली ती थेट 1843 मध्ये.

‘दासी’ तर आपल्याला जनाबाईंमुळे माहीत. गंगाखेडच्या जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबल्या. त्यांच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसतो. विचार करा, घरकामाला हात लावणारा सोबती म्हणून त्यांना देवच आठवला! ‘आया’ हा शब्द आला पोर्तुगीजांकडून.

आता ‘मोलकरीण’ बघा. मोल घेऊन काम करणारी, एवढाच अर्थ. बटकीचं मोल तिला विकणाऱ्याला मिळायचं. मोलकरणीच्या कामाचं मोल तिच्या स्वतःच्या हातात येतं. केवढा फरक आहे हा! 1980 मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी पगारवाढीसाठी संप केला, संघटना बांधली, आणि नाव ठेवलं ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. त्यांना तो शब्द लपवावासा वाटला नाही. पुढे 2008 मध्ये राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात शब्द आला ‘घरेलू कामगार’. कामगार म्हटलं की हक्काची भाषा सुरू होते.

मग आपण ‘मावशी’ का म्हणतो? ऐकायला गोड आहे, मीही म्हणतो. पण सख्ख्या मावशीचा खाडा कुणी कापतं का? तिचा चहाचा कप वेगळा ठेवतं का? नातं जोडलं की पगार वाढवून मागायला तिलाच अवघड जातं, हेही खरं.

आणि सगळ्यात भारी शब्द ‘बाई’. अहिल्याबाईंच्या नावात हाच, शाळेतल्या बाई त्याही ह्याच. पण वर्गात आपण म्हणायचो, “बाई आल्या!” आणि फ्लॅटमध्ये म्हणतो, “बाई आली का?” शब्द तोच, फक्त क्रियापद बदललं. मान सगळा त्या ‘आल्या’ आणि ‘आली’मध्ये आहे. ॲपमध्ये शब्द बदलून आम्ही खूश झालो, पण खाली नोटिफिकेशन तसंच राहिलं, ‘मदतनीस आली आहे.’

परवा आईला फोन करून विचारलं, “तुला कुणी मोलकरीण म्हटलं तर राग यायचा का गं?”

म्हणाली, “त्यात काय? फुकट थोडीच करत हुते? पण त्या घरातली एवढीएवढी पोरं मला ‘ए’ म्हणायची, ते लागायचं.”

मी काहीच बोललो नाही. त्या फॉर्मचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा भाग ती ऐकेल, तेव्हा कळेल.

तर मंडळी, उद्या सकाळी बेल वाजली की शब्द कुठलाही वापरा, पण ‘आल्या’ म्हणून बघा. आणि महिन्याला चार सुट्ट्या पगारी द्या.

तो फॉर्म आता बदलता येणार नाही. म्हणून इथं सांगतो, माझी आई मोलकरीण होती. तिच्या मोलावर मी शिकलो.

भेटू पुढच्या भागात.