शेतांतील गुप्तधन आणि मातीची साक्ष

गुप्तधन हा शब्द मराठी घरांत कोणास नवा नाहीं. अमक्याच्या परसांत मोहरांचा हंडा पुरलेला आहे, त्यावर नाग बसलेला आहे आणि वंशांतील एखाद्या भाग्यवान पुरुषासच तो लाभावयाचा आहे, अशा गोष्टी ज्या घरांत सांगितल्या गेल्या नाहींत असें घर विरळा. या गोष्टी हंडा सांपडला कीं संपतात. तो कोणीं पुरला, कां पुरला आणि पुरणारा तो नेण्यास परत कां आला नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक हंड्यांतील सोन्यापेक्षां या तीन प्रश्नांचीं उत्तरेंच अधिक मोलाचीं असतात. तीं कशीं मिळतात आणि कशीं कायमचीं नाहींशीं होतात, हें समजून घेण्यासाठीं श्रोत्यांनीं क्षणभर इंग्लंडांतील एका शेतावर यावें.

इंग्लंडच्या पूर्व भागांत सफोक नांवाचा परगणा आहे. तेथील हॉक्सन या खेड्यांत १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. तो शोधून देण्यासाठीं त्यानें आपल्या एका स्नेह्यास बोलाविलें. हे गृहस्थ माळीकामांतून निवृत्त झालेले होते, आणि धातुशोधक यंत्र घेऊन शेतें धुंडाळण्याचा त्यांना छंद होता.

या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. लांब दांड्याच्या टोकाशीं ताटलीसारखें एक चक्र असतें व त्यांत तारेचें वेटोळें असतें. त्या तारेंतून दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे खालच्या मातींत चुंबकशक्तीचा प्रभाव पसरतो. वाटेंत धातूचा तुकडा आला तर त्यांतही सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. यंत्र तो टिपतें आणि कानांत सूर उमटतो. मात्र यंत्राची दृष्टि फार खोल नसते. सुटें नाणें वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळतें. शिवाय सूर सोन्याच्या मोहरेचा कीं बाटलीच्या बुचाचा, हें बहुधा खणल्यावांचून निश्चित होत नाहीं. या छंदांत बहुतेक दिवस खिळे आणि बुचें गोळा करण्यांतच जातात.

त्या दिवशीं, म्हणजे १६ नोव्हेंबर रोजीं, सूर चांगला मोठा आला. मातींतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीं निघूं लागलीं. कांहीं वस्तु वर काढल्यानंतर त्या गृहस्थांनीं हात आवरला. खालीं अजून पुष्कळ आहे हें दिसत असतांना त्यांनीं खणणें थांबविलें आणि अधिकाऱ्यांस वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशीं पुराणवस्तुसंशोधक येऊन दाखल झाले. त्यांनीं उरलेला ठेवा काळजीपूर्वक उकरला आणि त्याचे कांहीं भाग मातीच्या ढेकळांसह उचलून प्रयोगशाळेंत नेले.

त्या ठेव्यांत ५६९ सोन्याचीं आणि १४,००० हून अधिक चांदीचीं नाणीं होतीं. त्याशिवाय सोन्याचे दागिने होते, आणि शंभराच्या जवळपास चमचे व पळ्या होत्या. परंतु ज्ञानाच्या दृष्टीनें खरा लाभ वेगळाच होता. ज्या लाकडी पेटींत हें सर्व ठेवलें होतें ती कुजून गेली होती. तरी तिच्या धातूच्या कड्या-बिजागऱ्या आणि आंतील लहान डब्यांचीं कुलुपें मातींत उरलीं होतीं. त्यांवरून पेटी कशी भरली होती याचा अंदाज बांधतां आला. ही चोरानें घाईनें टाकलेली लूट नव्हती. कोणा श्रीमंत कुटुंबानें हा ठेवा विचारपूर्वक बांधून ठेवला होता. सर्वांत अलीकडचीं नाणीं इ. स. ४०७-४०८ च्या सुमाराचीं होतीं, तेव्हां पेटी पुरली गेली ती त्यानंतर. इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटनवरील रोमन सत्ता संपली. चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या. नवीं नाणीं येईनाशीं झालीं तेव्हां लोकांनीं आहे त्याच चांदींतून काम भागविलें, असें त्यावरून दिसतें. एक राज्य मोडत असतां एका घरानें आपला संसार जमिनींत ठेवला, आणि तो परत काढण्यास त्यांतलें कोणीही आलें नाहीं.

त्याच ठेव्यांत मिरपूड ठेवण्याचीं चार चांदीचीं पात्रें होतीं. त्यांतील एकास एका उच्चकुलीन स्त्रीचा आकार दिलेला आहे. तळाची चकती फिरविली म्हणजे तें भरतां येतें, त्यांतून पूड शिंपडतां येते किंवा तें बंद करतां येतें. रोमन साम्राज्यांत काळी मिरी जाई ती मलबारच्या किनाऱ्यावरून, जहाजांतून. केरळांतील वेलीचें फळ सफोकमधील भोजनाच्या मेजापर्यंत पोंचत होतें, याची साक्ष एका शेतानें सोळा शतकें जपून ठेविली.

याच्या उलट प्रकार त्याच देशांत कांहीं वर्षें आधीं घडला होता. सरे परगण्यांतील वॉनबरो येथें एका शेताखालीं रोमनकालीन देवालयाचे अवशेष होते. १९८३ ते १९८५ च्या सुमारास यंत्रें घेतलेल्या टोळ्यांनीं रात्रीं येऊन तेथील जमीन खड्ड्यांनीं उकरून काढली. हजारों नाणीं बाजारांत गेलीं. तीं आज कोठें ना कोठें असतील, परंतु कोणतें नाणें कोणत्या थरांत आणि कोणत्या वस्तूच्या शेजारीं होतें, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. नाणें उरलें आणि त्याची साक्ष गेली.

त्या काळचा कायदा फार जुना होता. धन सोन्याचांदीचें असून परत नेण्याच्या हेतूनें पुरलेलें होतें, असें सिद्ध करावें लागे. देवास वाहिलेल्या नाण्यांविषयीं तें सिद्ध होणें कठीण. वॉनबरोच्या अनुभवानंतर सुधारणेची मागणी वाढली व १९९६ सालीं नवा कायदा झाला. त्याप्रमाणें असें धन सांपडल्यास १४ दिवसांच्या आंत वर्दी द्यावी लागते, आणि संग्रहालयानें तें घेतल्यास योग्य मोबदला मिळतो. कायद्यांत न बसणाऱ्या लहानसहान वस्तूंची नोंद स्वेच्छेनें करून घेण्याची योजना १९९७ सालीं सुरू झाली. तींत आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तरीही कित्येक संशोधकांना हा छंद मान्य नाहीं, आणि त्यांचें म्हणणें निराधार नाहीं. नांगरानें उलथलेल्या मातींतील सुटें नाणें उचललें तर फारसें बिघडत नाहीं. त्याखालच्या अस्पर्श थरांत फावडें घातलें कीं पुस्तकाचें पान फाटतें.

महाराष्ट्रालाही या गोष्टीचा अनुभव आहे. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. तीं क्षत्रप नहपान याचीं नाणीं. परंतु त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली मुद्रा पुन्हां उमटविलेली आहे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख त्याच्या विजयाचें वर्णन करतो, पण शिलालेख हा जेत्याच्या घरचा साक्षीदार. पराभूताच्या पैशावर जेत्याचा ठसा हजारों वेळां दिसतो तेव्हां तो पुरावा निराळ्याच तोलाचा ठरतो. हा सांठा सोनाराच्या मुशींत गेला असता तर चांदीचा एक गोळा मिळाला असता, आणि इतिहासाचें एक पान कोरें राहिलें असतें.

आपल्याकडे यासाठीं १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळविणें आवश्यक आहे. धनास कोणी जुना मालक ठरला नाहीं आणि दुसरा करार नसला, तर तीन चतुर्थांश सांपडणाऱ्यास व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकास, अशी वांटणी त्यांत सांगितली आहे. धन लपविणारास शिक्षा आहे. शेतकऱ्याच्या मनांत भीति असते ती ही कीं, सांगितलें तर सर्वच जाईल. ती दूर करणें हें शिकलेल्या लोकांचें काम आहे. ज्यांचीं शेतें गांवीं आहेत अशा शहरांतील कुटुंबांनीं एवढें केलें तरी पुष्कळ: नांगराच्या फाळास कांहीं लागलें तर आणखी उकरूं नये, घासूं नये, जागेवर खूण करावी आणि वर्दी द्यावी.

हॉक्सनच्या ठेव्याबद्दल त्या निवृत्त माळ्यास साडेसतरा लाख पौंड मिळाले, आणि त्यांतील वांटा त्यांनीं त्या शेतकऱ्यास दिला. ठेवा लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. ज्याच्यासाठीं हा सारा शोध सुरू झाला तो हातोडाही नंतर सांपडला, आणि तोही आतां त्याच संग्रहालयांत आहे.