रमाबाईंचा प्रश्न : येशू ईश्वर की ईश्वराचा पुत्र?

(नांदूरघाट, जि. बीड येथील व्याख्यानाचा संक्षेप)



पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे ख्रिस्ती मताचे मुख्य सूत्र आहे. मराठी ख्रिस्ती त्यास ‘त्रैक्य’ म्हणतात. आपल्याला लगेच ब्रह्मा-विष्णू-महेश आठवतात. पण ही तुलना फसवी आहे. आपल्याकडे कोणी विष्णूला श्रेष्ठ मानतो, कोणी शिवाला, आणि तेवढ्यावरून कोणी धर्मबाह्य ठरत नाही. तिकडे मात्र येशू पित्याइतकाच ईश्वर आहे की पित्याने निर्माण केलेला, यासाठी इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे धर्मपरिषद भरली. ‘पुत्र निर्मित आहे’ म्हणणारा अलेक्झांड्रियाचा एरियस बहिष्कृत झाला; पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा सिद्धान्त ठरला.

पंधराशे वर्षांनी हा वाद एका मराठी विदुषीने इंग्लंडात पुन्हा उभा केला. पंडिता रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. आईकडून संस्कृत शिकल्या, पायी तीर्थे हिंडत पुराणे सांगितली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतराने महाराष्ट्र दुखावला, आणि तो सल मलाही आहे. परंतु पुढे काय घडले, ते आपण सहसा वाचत नाही.

बाप्तिस्मा देणाऱ्यांची अपेक्षा होती की बाईंनी आता संपूर्ण मतप्रणाली जशीच्या तशी स्वीकारावी. रमाबाईंनी बायबल स्वतः उघडले. येशूला त्या ईश्वरपुत्र, तारक मानीत होत्या. पण अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकारातील त्रैक्य त्यांना पटेना. देव एक, तर तिघे कसे? शास्त्रार्थाच्या वातावरणात वाढलेल्या बाईला ‘गूढ आहे, श्रद्धा ठेव’ हे उत्तर पुरेसे कसे वाटावे?

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र प्रश्नाला प्रश्न म्हणून तोंड दिले. १८८५ च्या एका पत्रात रमाबाईंनी बजावले, की हिंदी पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही. यातील पहिला भाग आपल्याला बोचतो. बोचू द्यावा. दुसरा भाग तिकडच्या धर्मपीठाला तितकाच बोचला.

स्वदेशी परतल्यावर त्यांची श्रद्धा ख्रिस्तभक्तीत स्थिरावली, तरी एका पंथाच्या चौकटीत त्या बसल्या नाहीत. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली पूर्ण छापून झाले. वाँटेज व चेल्टनहॅमशी झालेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पत्रे इंग्रजीत आहेत. आपल्या वाचनालयाने ती मागवावीत, आणि एखाद्या शिक्षकाने एका संध्याकाळी त्यातील चार पत्रे मराठीत सांगावीत.