क्रिप्टोचं कुलूप आणि विजेचं बिल

दोस्तांनो, क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही हे सांगायला मी आलेलो नाही. ते हलाल की हराम हेही मला विचारू नका, मी आलिम नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. ‘क्रिप्टो एकदम सुरक्षित आहे’ असं कुणी म्हणतं तेव्हा नेमकं काय सुरक्षित असतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढं मला सांगता येईल.

मायनिंगपासून सुरू करू. कॉम्प्युटर अवघड गणितं सोडवतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं तर हे गणित अवघड नाही, कंटाळवाणं आहे. बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक गठ्ठा घ्यायचा, त्याला एक आकडा जोडायचा आणि सगळं एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून काढायचं. उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं तर जिंकलात. नाही आलं तर आकडा बदला, पुन्हा करा. लॉटरीची तिकिटं खरडत बसल्यासारखं. जगभरातल्या यंत्रांमधून सरासरी दर दहा मिनिटांनी एक विजेता निघतो, त्याला एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन मिळतात. बाकीच्यांची वीज गेली ती गेली.

ही उधळपट्टी मुद्दाम ठेवलेली आहे. या खातेवहीला बँक नाही, मॅनेजर नाही. जुना व्यवहार खोडायचा असेल तर ते पान आणि पुढची सगळी पानं नव्याने लिहावी लागतात, तीही बाकी सगळ्यांपेक्षा वेगाने. तेवढी यंत्रं आणि तेवढी वीज कुणाकडेच नसते, म्हणून वही शाबूत राहते. जाळलेली वीज हेच कुलूप. छोट्या नाण्यांचं कुलूप तकलादू असतं. इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये असे हल्ले झाले. हल्लेखोरांनी अर्ध्याहून जास्त ताकद जमवली आणि तीच नाणी दोनदा खर्च केली.

चांगल्या चिप आल्या की वीज वाचेल, असं तुम्हाला वाटेल. इथे तसं होत नाही. यंत्रं वेगवान झाली की दर २०१६ गठ्ठ्यांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, बिटकॉइन कोडं आपोआप कठीण करतो. वीज किती जळणार हे मुख्यतः बिटकॉइनचा भाव ठरवतो. आज हा आकडा वर्षाला १०० अब्ज युनिटच्या वर आहे. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर धरा, तर चार कोटी घरांची वीज झाली.

आणि ती येते कुठून? जिथे स्वस्त असेल तिथून. इराणमध्ये वीज सरकारी सवलतीची, म्हणून तिथे यंत्रं गेली. मशिदींना तिथे वीज फुकट मिळते, तर २०१९ मध्ये एका मशिदीत मायनिंगची यंत्रं लावल्याच्या बातम्या आल्या. मे २०२१ मध्ये शहरांत वीज जायला लागली आणि सरकारने चार महिने मायनिंग बंद केलं. दुष्काळामुळे जलविद्युत घटली होती हेही खरं. पण नफा यंत्रवाल्याचा आणि अंधार शेजाऱ्याच्या घरात, हा हिशोब मला पटत नाही. दुसरा रस्ता नाही असंही नाही. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंग सोडलं. आता तिथे विजेऐवजी नाणी तारण ठेवावी लागतात, लबाडी केली की ती कापली जातात. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला.

आता कुलपाची दुसरी बाजू. एवढी वीज जाळून राखली जाते ती वही. तुमची चावी राखायला तिथे कुणी बसलेलं नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. कुणी ब्लॉकचेन फोडली नाही. पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली, असं कंपनीचं म्हणणं. ग्राहकांचं क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकून पडलं. म्हणून बारा किंवा चोवीस शब्दांचा परवलीचा संच कागदावर लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, फोटो काढून गॅलरीत तर नकोच. तो मागणारा माणूस चोर आहे, मग तो कस्टमर केअरच्या नावाने का बोलेना.

आणि आपल्या गल्लीत येते ती तिसरीच गोष्ट, मायनिंगच्या नावाची स्कीम. गेनबिटकॉइनने महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, असं आश्वासन दिलं होतं. वर माणसं जोडायची साखळी. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली, तोवर हजारो लोक अडकले होते. आता तीच भाषा मोबाईल अ‍ॅपवाले बोलतात. एक नेहमीचं मायनिंग यंत्र तीन किलोवॉटच्या आसपास वीज खातं, म्हणजे दिवसाला ७० युनिटच्या वर. तुमचा फोन पाच-दहा वॉटचा. तो बिटकॉइन काढतोय असं सांगणाऱ्याला यंत्रं कुठे आहेत ते विचारा, आणि गेल्या महिन्याचं वीजबिल मागा.

घरातलं कुणी फसलंच, तर त्याला ओरडण्यात वेळ घालवू नका. निघून गेलेलं क्रिप्टो परत बोलावता येत नाही. पण पैसे यूपीआयने किंवा बँकेतून गेले असतील तर समोरचं खातं गोठवता येतं, लगेच कळवलं तर. नंबर १९३०. आत्ताच सेव्ह करा, मग प्रश्न घेऊ.