कुंपणाच्या आतली कादंबरी

मणिबेलीच्या ग्रामस्थांनो, आणि आज सकाळी माझ्याबरोबर होडीतून उतरलेल्या साहित्यप्रेमी पाहुण्यांनो,

अध्यक्षाने प्रारंभी आपल्या अपात्रतेची ग्वाही द्यावी आणि नंतर तासभर ती सिद्ध करीत बसावे, असा आपल्या संमेलनांचा शिरस्ता आहे. तो मी मोडते. मी भांडायला आले आहे, आणि ज्यांच्याशी भांडायचे ते बहुतेक जण पुढच्या दोन रांगांतच बसलेले आहेत.

गुलामगिरीविरुद्ध लेखणी उचलणारी कादंबरीकर्ती म्हटले, की आपल्या विद्वानांच्या जिभेवर हॅरिएट बीचर स्टो हे एकच नाव येते. ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीत राहून पैलतीरावरच्या केंटकीतील गुलामांची दैना जिने जाणून घेतली आणि 1852 साली ‘अंकल टॉम्स केबिन’ प्रसिद्ध करून अमेरिका हलविली, तिच्याविषयी मला आदर आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या त्या देशातील लोकांना जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हेही मी विसरलेले नाही. परंतु त्या कादंबरीच्या अखेरीस जॉर्ज आणि एलायझा लायबेरियाला रवाना होतात. माणसाला मोकळे करावे, पण त्याची सोय दुसरीकडे लावावी, ही मखलाशी नर्मदाकाठच्या श्रोत्यांना मी काय उलगडून सांगावी!

आणि इतक्या लांब जायचेच कशाला? 1905 साली जन्मलेल्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआडून 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले, तेव्हा पांढरपेशा महाराष्ट्रात जो गहजब उडाला त्याची हकीकत आपले टीकाकार अद्याप चवीने सांगतात. ही विभावरी कोण, बाई की बाप्या, याच्या चौकशीत जेवढी शाई खर्च झाली, तिचा दशांशही त्यांच्याच ‘बळी’ या कादंबरीच्या वाट्याला आला नाही. एका नियतकालिकाने तर ‘बळी’वरचा माझा लेख ‘विषय शिळा आहे’ असा शेरा मारून साभार परत पाठविला होता. तो शेरा मी जपून ठेवला आहे.

विषय काय होता? 1871 च्या कायद्याने काही जमातींच्या माथी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. आणि पुढे सोलापुरात त्यांच्यासाठी जी सेटलमेंट उभी राहिली तीत तारेचे कुंपण होते, हजेरी होती, बाहेर पडायला परवान्याची चिठ्ठी लागत होती, आणि गिरण्यांना मजूर हवे असत ते याच कुंपणातून जात होते. या व्यवस्थेचे सरकारी नाव ‘सुधारणा’. मालतीबाई तेथे शिक्षणाधिकारी म्हणून नोकरीस गेल्या. म्हणजे कुंपणाची किल्ली ज्या दप्तराकडे होती त्याच दप्तराचा पगार त्यांनी घेतला, आणि त्या खुर्चीवरून जे दिसले ते 1950 साली मांगगारुड्यांच्या जीवनावरील ‘बळी’त उतरविले. स्वातंत्र्य येऊन तीन वर्षे लोटली होती. केंद्राचा कायदा रद्द व्हायला आणखी दोन वर्षे जायची होती. कादंबरीमुळे कायदा गेला, असा दावा मी करणार नाही. तो खोटा ठरेल. परंतु परोपकार करणाऱ्या खात्याच्या पोटातील क्रौर्य त्या खात्याच्याच माणसाने उघडे करावे, ही गोष्ट मराठीत किती वेळा घडली? ‘बळी’ला ‘प्रचारकी’ म्हणून बाजूस सारणाऱ्या समीक्षकांना मी विचारते : कुंपणाच्या तारेला कलात्मक अलिप्ततेने हात लावून पाहिलात काय?

आता या गावाविषयी. विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक 1 अक्कलकुवा, आणि त्यातील मतदान केंद्र क्रमांक 1 मणिबेली. याद्यांत महाराष्ट्र येथून सुरू होतो. आणि सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्र गिळायला सुरुवात केली तीही येथूनच. सकाळी होडी हाकणाऱ्या दादांनी इंजिन बंद केले, वल्हे उभे पाण्यात घातले, ते कशालाच टेकले नाही. “खाली शूलपाणेश्वराचे देऊळ,” एवढेच ते म्हणाले. वर राहिलेल्यांची सरकारी प्रतवारी ‘घोषित’ आणि ‘अघोषित’. ज्याचे घर बुडाले पण नाव नोंदले गेले नाही, तो अघोषित! सेटलमेंट आणि पुनर्वसनाची वसाहत एकच, असे मी म्हणत नाही. येथे रात्री कोणी हजेरी घेत नाही. तरीही ‘वसाहत’ हा शब्द दोन्हीकडे तोच आहे, आणि माणसापेक्षा नोंदवहीवर अधिक विश्वास ठेवण्याची खोडही तीच आहे. मालतीबाईंना ही खोड आतून ठाऊक होती, म्हणून त्यांचे पुस्तक मला येथे शिळे वाटत नाही.

1981 साली, सरकारच्या छायेतील साहित्याला विरोध म्हणून मुंबईत भरलेल्या समांतर संमेलनाचे अध्यक्षपद या बाईंनी पंचाहत्तरी उलटल्यावर स्वीकारले होते. त्यांचे नाव घेऊन मी आज माझ्या अधिकाराचा एकच वापर करते. कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्या कवींचे वाचन आधी आणि ‘स्थानिक मनोगत’ शेवटी, वेळ उरल्यास, असे छापले आहे. तो क्रम मी रद्द केला आहे. आता या गावच्या बाया बोलतील, आपल्या भिलोरीत, घड्याळाकडे न पाहता. कवींनी खाली बसून ऐकावे, आणि परतीची होडी या बायांचे बोलणे संपल्यावर सुटेल.