तिच्या व्हिसावर काय लिहिलंय?



बायको-मुलांना घेऊन परदेशात जाण्याबद्दल बोला, असं मला सांगितलंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, काही वर्षांपासून कुटुंबासह जर्मनीत राहतो. पगार किती, घर मिळतं का, हलाल मटण मिळतं का, हे विचारायला तुमच्यातले निम्मे आलेत, हे मला ठाऊक आहे. मटण मिळतं. १९६१च्या करारानंतर तुर्की कामगार तिथे गेले, त्यांच्या नातवंडांची दुकानं बहुतेक शहरांत आहेत. पगाराचं नंतर बोलू.

आपल्या कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. बोटीवर लोक आधीपासून जात होते. १९७०च्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि रायगड-रत्नागिरीची माणसं आखातात गेली. पण गेली ती एकटी. घर, शेत, सासू-सासरे, मुलांची शाळा, सगळं मागं राहिलेल्या बायकांनी बघितलं. बँकेत ड्राफ्ट वटवायला जाणारी, गवंड्याशी भांडून स्लॅब टाकून घेणारी बाई त्याच काळात आपल्या मोहल्ल्यांत तयार झाली. आता आपण कुटुंब सोबत नेतो. मुलांना बाप रोज दिसतो, हे मोठंच सुख आहे. पण त्या आजीच्या हातात जेवढा कारभार होता, तेवढाही कधीकधी तिच्या पदवीधर नातसुनेच्या हातात राहत नाही. कारण ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेली असते.

म्हणून ऑफर आली की पगाराच्या आकड्याआधी बायकोच्या व्हिसाचे नियम वाचा.

अमेरिकेत एच-वन-बीवाल्याच्या बायकोला एच-फोर मिळतो. त्यावर नोकरी करता येत नाही. २०१५पासून काहींना कामाची परवानगी मिळते, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत मंजूर झालेलं लागतं. भारतीयांची ती रांग इतकी लांब आहे, की लहानपणी गेलेली मुलं २१ वर्षांची होऊन आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतात. आणि एच-फोरवर असताना तलाक झाला, तर बाईचा राहण्याचा आधारच संपतो. सौदीत २०१७ साली कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी सुरू झाली, २०२०पर्यंत ती ४०० झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे १,२०० रियाल. पगार तोच, आणि बिऱ्हाड गावी परत.

जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. तिची कमाई नसेल तर सरकारी आरोग्य विम्यात ती आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. तिथे तीन वर्षं एकत्र संसार झाला असेल, तर तो मोडल्यावरही तिला स्वतःचा परवाना मिळू शकतो. मारहाणीसारख्या प्रकरणांत तीन वर्षांची अटही सोडता येते. हे लग्न ठरलेल्या मुलींनी स्वतः वाचावं, भावाला वाचायला सांगू नये.

कागदावर हे छान आहे. पण आमचं काम इंग्रजीवर चालतं, तिचं चालत नाही. डॉक्टर, फार्मासिस्ट, शिक्षिका यांना पदवी मान्य करून घ्यावी लागते आणि भाषाही चांगली पक्की लागते. त्यात दोन-तीन वर्षं सहज जातात. मुलांसाठी एक वर्षानंतर पाळणाघराच्या जागेचा हक्क २०१३पासून कायद्याने आहे, पण जागाच कमी आहेत. जागा मिळेपर्यंत घरी कोण बसतं, ते सांगायला नको.

त्यात टॅक्सची एक गंमत. नवरा तीन नंबरचा वर्ग घेतो, बायकोला पाच नंबर. त्याच्या हातात जास्त पडतं, तिची कपात इतकी होते की घरात सगळे म्हणतात, एवढ्याशा पैशासाठी कशाला धावपळ? वर्षाच्या शेवटी एकत्र हिशोब केला की दोघांचा मिळून टॅक्स तेवढाच निघतो. पण बाळंतपणानंतरचा भत्ता आणि बेकारी भत्ता तिच्या हातात पडलेल्या पगारावर ठरतो. दोघांनी चार-चार घ्या. सल्लागार आपणहून सांगेलच असं नाही.

मुलांचं वय बघा. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. चार वर्षांचं पोर खेळता खेळता भाषा उचलतं. नऊ वर्षांच्या हुशार मुलाला मात्र वर्षभरात जर्मन शिकून त्या वाटणीला उभं राहावं लागतं. आईवडिलांना नेण्याची वाट २०२४च्या मार्चपासून नव्याने जाणाऱ्या कुशल कामगारांसाठी उघडली आहे, पण म्हातारपणी आरोग्य विमा मिळवणं फार महाग आणि अवघड. त्यांच्याशी आधीच मोकळेपणानं बोला.

निघण्याआधी पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात दोघांचे फॉर्म भरा. आपल्याकडे नवरा क्लासला जातो आणि बायको पॅकिंग करते. बी-वन पातळीची भाषा असेल तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, नाहीतर २७ महिने. तिच्यासाठी भाषा म्हणजे थेट नोकरीच. तिची मार्कशीट, अनुभवाची पत्रं तुमच्या फाइलमध्ये कोंबू नका, तिची फाइल वेगळी करा. बँकेत खातंही तिच्या नावाचं उघडा.

आता प्रश्न विचारा. पगाराचेही चालतील.